बुवांच्या जटा आणि सेकंदाला शंभर कात्र्या

सलूनच्या खुर्चीत बसलेला माणूस ‘एक नंबर मारा’ म्हणाला की डोक्यावर जेमतेम तीन मिलिमीटर केस उरतात. ‘चार नंबर’ म्हणाला की बारा-तेरा. नंबर मोठा, केस मोठे. हाच माणूस कुत्र्याचे केस कापायचं मशीन घ्यायला गेला की त्याची पंचाईत होते. तिथल्या ‘४ एफ’ नावाच्या पात्याने साधारण साडेनऊ मिलिमीटर केस राहतात, १० नंबरने दीड मिलिमीटर आणि ४० नंबरने पाव मिलिमीटर, म्हणजे जवळपास तुळतुळीत. नंबर मोठा, केस छोटे! माणसाच्या डोक्याची सवय घेऊन कुत्र्यासमोर बसलात तर पहिल्याच फटकाऱ्याला फजिती ठरलेली.

आमच्या घरी बुवा आहेत. शिह त्झू जातीचे, वय वर्षं चार, वजन सहा किलो. छातीपर्यंतची दाढी आणि डोळ्यांवर आलेले केस पाहून सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “हे कुठल्या तरी मठातून पळून आलेले बुवा दिसतात,” आणि आदरार्थी बहुवचनासकट ते नाव चिकटलं. पावसाळ्यात बुवांच्या काखेत आणि कानामागे जटा होतात. ग्रूमरकडे नेलं की तिथे रडारड, आणि घरी आल्यावर दोन दिवस आमच्याकडे पाठ करून बसणं. याला कंटाळून गेल्या वर्षी मी नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर उचलला. चौथ्या की पाचव्या फटकाऱ्याला तो जटेत अडकला, गुरगुरला आणि बंद पडला. बुवा ट्रिमरसकट दिवाणाखाली गेले.

दिवाणाखाली पालथं पडून, टॉर्चच्या उजेडात ती जट सोडवताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला की रोज सकाळी दाढी सफाचट करणारं यंत्र सहा किलोच्या जीवापुढे हात का टेकतं? त्याचं उत्तर शोधता शोधता मी भलतीकडेच जाऊन पोचले. वीजनिर्मिती, कानाचा पडदा, पोलादाचे कण, लांडग्यांची जनुकं. आणि हे सगळं एका मूठभर यंत्राच्या खोक्यावर, बारीक अक्षरांत, आकड्यांच्या वेषात लिहिलेलं असतं.

आधी यंत्र. क्लिपरच्या तोंडाशी दोन कंगवे एकमेकांवर चिकटून बसलेले असतात. खालचा स्थिर, वरचा आडवा सरकणारा. वरचा दात खालच्या दातावरून गेला की मधला केस कापला जातो. म्हणजे हा वस्तरा नव्हेच. धनगर मेंढीची लोकर ज्या तत्त्वाने कातरतो त्याच तत्त्वाच्या वीस-पंचवीस चिमुकल्या कात्र्या एका रांगेत बसवल्या आहेत, आणि त्या सगळ्या एकाच वेळी उघडतात, एकाच वेळी मिटतात. स्थिर कंगव्याची जाडी म्हणजे उरणाऱ्या केसाची लांबी. पात्याच्या नंबरामागे एवढंच गुपित आहे.

त्या कात्र्या हलवायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. १९१९ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावच्या लिओ वॉल याने विद्युतचुंबकावर चालणाऱ्या क्लिपरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या यंत्रात फिरणारं काहीच नाही. एक चुंबक, एक स्प्रिंग आणि घरातली वीज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि प्रत्येक आवर्तनात चुंबक पात्याला दोनदा ओढतो. झाले सेकंदाला शंभर फटके, मिनिटाला ६०००. अमेरिकेतली वीज ६० आवर्तनांची, म्हणून तेच यंत्र तिकडे मिनिटाला ७२०० फटके मारतं. सलूनमध्ये मानेमागे जो घूंऽऽ आवाज येतो ना, तो त्या मशीनचा स्वतःचा नाहीच. कोयनेच्या जनित्रांना ज्या तालाशी जुळवून घ्यावं लागतं, तोच ताल आपल्या मानेवर वाजत असतो. हे कळल्यापासून नवरा कटिंगला निघाला की मी त्याला ‘ग्रिड ऐकून ये’ म्हणते. त्याला अजून हसू आलेलं नाही.

वायर काढून टाकली की हा फुकटचा ताल जातो. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, तिला आवर्तनं नाहीत. म्हणून कॉर्डलेस क्लिपरमध्ये खरीखुरी फिरणारी मोटर लागते. तिच्या दांड्यावर, मधोमध नव्हे तर जरा कडेला, एक बारीक खुंटी असते. दांडा गोल फिरतो, खुंटी पात्याला डावी-उजवी ढकलत राहते. शिवणयंत्रात चाक फिरतं आणि सुई वर-खाली होते, तीच युक्ती आडवी घातलेली. मग वेग कोण ठरवणार? बॅटरी. आणि माझ्या दिवाणाखालच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळालं.

हिशेब अगदी शाळेतला आहे. समजा माझा हात कुत्र्याच्या पाठीवरून सेकंदाला पाच सेंटिमीटर सरकतो. पातं सेकंदाला शंभर फटके मारत असेल तर दर फटक्याला मी अर्धा मिलिमीटर पुढे जाते. केसाला कापलं जायला पुरेशी संधी मिळते. बॅटरी उतरली, मोटर दमली, फटके पन्नासवर आले आणि माझा हात मात्र त्याच वेगाने चालला, तर दर फटक्याला एक मिलिमीटर. आता काही केस कापले न जाता दोन दातांत चिमटले जातात आणि हात पुढे गेला की उपटले जातात. आपल्याला वाटतं कुत्रं नाटकं करतंय. ते केस उपटल्याबद्दल ओरडत असतं.

आजकालच्या बहुतेक चांगल्या मशीनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ साली सोनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली, आणि ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमधून १.२ व्होल्ट मिळायचे. लिथियमच्या एका सेलमधून सरासरी ३.६ ते ३.७. म्हणून तीन सेलचं काम एकात भागतं आणि मशीन मनगटाला झेपतं. पण हा सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि रिकामा होत होत ३ च्या आसपास उतरतो. स्वस्त मशीनमध्ये मोटर मुकाट्याने त्याच्या मागोमाग उतरते. बऱ्या मशीनमध्ये एक चिप मोटरवर नजर ठेवून असते. दाट केसात वेग पडायला लागला की जास्त वीज सोडते, बॅटरी अर्धी झाली तरी वेग ढळू देत नाही. खोक्यावर याला ‘कॉन्स्टंट स्पीड’ म्हणतात. माझ्या मते ‘पाच तास चालते’ या दाव्यापेक्षा हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पाच तास कुठलं कुत्रं बसणार आहे? आमचे बुवा बारा मिनिटांनंतर उठतात. मग त्यांना धरून ठेवायला दुसरा माणूस लागतो, आणि त्या माणसाला धरून ठेवायला तिसरा.

आता आवाज. इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळले, कारण इथे खोक्यावरचा आकडा चक्क दिशाभूल करतो.

दुकानात मला तीन मशीनं दाखवली. एकावर ‘५० डेसिबल’, दुसऱ्यावर ‘५५’, तिसऱ्यावर ‘६०’. डेसिबलचा हिशेब गुणाकाराचा आहे: दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट. म्हणजे पन्नास आणि साठ यांतला फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. पण खरी गंमत वेगळीच. असे आकडे सहसा ‘ए’ वजनमापावर मोजलेले असतात, आणि ते वजनमाप माणसाच्या कानावरून बेतलेलं आहे. आपल्याला जे सूर कमी ऐकू येतात ते मोजतानाच हलके धरले जातात. आपला कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत पोचतो. कुत्र्याचा साधारण ४५,००० पर्यंत. मधल्या सगळ्या पट्ट्यात ती मोटर, ते घासणारं पातं, ती खुंटी काय काय किंचाळत असेल, याबद्दल खोक्यावर एक अक्षर नाही. आपल्यासाठी ‘सायलेंट’ असलेलं मशीन बुवांच्या कानाशी तमाशाचा फड असू शकतं.

माणसाला ऐकू येत नाही ते जनावराला येतं का, हे तपासायला फ्रान्सिस गॅल्टन या विक्षिप्त इंग्रज विद्वानाने १८७६ मध्ये एक शिट्टी बनवली. हातातल्या काठीत ती दडवून तो प्राणिसंग्रहालयात हिंडायचा, पिंजऱ्याजवळ जाऊन हळूच वाजवायचा, आणि कुणाचे कान टवकारतात ते बघायचा. रस्त्यावरची कुत्रीही त्याने सोडली नाहीत. त्याचा निष्कर्ष असा की छोट्या कुत्र्यांना फार उंच सूर ऐकू येतात, मोठ्यांना नाही. शंभरेक वर्षांनी, १९८३ मध्ये, हेन्री हेफनर या संशोधकाने चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंत वेगवेगळ्या आकाराच्या कुत्र्यांची नीट परीक्षा घेतली. निघालं असं की आकाराचा आणि वरच्या मर्यादेचा काही संबंध नाही. केवढ्याही आकाराचं कुत्रं असो, त्याला तेवढंच उंच ऐकू येतं. गॅल्टनच्या वेळी मोठ्या कुत्र्यांना बहुधा ऐकू येत होतं. त्यांनी लक्ष दिलं नसावं. हे मला अगदी पटतं. बुवांना ‘आंघोळ’ हा शब्द असाच ऐकू येत नाही.

तर मग मशीन निवडायचं कसं? मी दुकानदाराला तिन्ही मशीनं चालू करायला सांगितली आणि आवाज किती मोठा याकडे न बघता तो कसा आहे ते ऐकलं. एकात मध्येच खडखड होती, म्हणजे पातं सैल. एकाचा सूर डगमगत होता. तिसऱ्याचा आवाज खालच्या पट्टीतला, एकसारखा होता. मग तळहातावर धरून कंप पाहिला. कुत्र्याच्या कवटीला मशीन टेकलं की आवाज कानाच्या भोकातूनच जातो असं नाही, तो हाडातूनही जातो. ज्याचा मुठीत कमीत कमी थरथराट, ते मी बाजूला ठेवलं. हे शास्त्र नव्हे, अंदाज आहे. पण खोक्यावरच्या डेसिबलपेक्षा मला माझा तळहात भरवशाचा वाटला.

कुत्र्याची कातडी ही दुसरी नवलाई. एवढ्या केसांखाली ती जाड असेल असं आपण धरून चालतो. उलट आहे. माणसाच्या त्वचेच्या वरच्या आवरणात पेशींचे दहा-पंधरा थर असतात, कुत्र्याच्या त्वचेत तीन ते पाच. केसांचंच चिलखत असल्यावर जाड कातडीवर खर्च कशाला करायचा, असा निसर्गाचा हिशेब दिसतो. त्यात ही कातडी अंगाला घट्ट चिकटलेली नसते, सदऱ्यासारखी सरकते. काखेत, मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथे, आणि घोट्यामागे तिचे अक्षरशः पडदे असतात. कानाच्या कडेला तर एक दुहेरी घडी असते, लहानशा खिशासारखी. तिथे क्लिपरचा दात शिरला की रक्त. म्हणून मशीनबरोबर दुसऱ्या हाताची बोटंही कामाला लागतात, कातडी ताणून सपाट धरायला.

१० नंबरचं पातं सुरुवातीला सगळ्यात सुरक्षित का, हेही इथेच कळतं. त्याचे दात जवळजवळ असतात, कातडीची घडी आत शिरायला जागा नसते. जटेच्या खालून, कातडीला समांतर, तेच सरकवता येतं. काही पात्यांत एकाआड एक दात मुद्दाम आखूड केलेले असतात, दाट केस आत घ्यायला. ती दिसायला नेमस्त, पण काखेत भयंकर. आणि कात्री? जटेत कात्री घालायची नाही म्हणजे नाही. जट ओढली की तिच्यासोबत कातडीचा तंबू वर येतो आणि केसांच्या गुंत्यात तो दिसत नाही. मशीनसोबत मिळणाऱ्या ३, ६, ९, १२ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या कंगव्यांची भुरळही मला आधी पडली होती. पण असा कंगवा जटेत शिरतच नाही, वरच्या वर घसरतो. आधी विंचरणं, जटा काढणं, मग आंघोळ, खडखडीत वाळवणं, आणि मग मशीन. जट तशीच ठेवून आंघोळ घातली तर ती नमद्यासारखी घट्ट बसते.

पण थांबा. मशीन घ्यायचं की नाही, हेच मुळात कुत्र्याच्या केसांवर ठरतं. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटाने ८० जातींच्या हजारावर कुत्र्यांचा डीएनए तपासला. जातिवंत कुत्र्यांत केसांचे जेवढे प्रकार दिसतात, त्यांतले बहुतेक फक्त तीन जनुकांच्या जुळवाजुळवीतून येतात. एक केस लांब करतं. एक दाढी-मिशा आणि जाड भुवया देतं. तिसरं केस कुरळे करतं. तीनही मूळ रूपात असली की आखूड, गुळगुळीत केस. लांडग्यात तशीच असतात. बुवांचं अख्खं बुवापण म्हणजे लांबीचं एक आणि दाढी-मिशीचं एक अशी दोन बटणं दाबलेला लांडगा! मठ वगैरे काही नाही.

पुडल, शिह त्झू यांचे केस माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे दीर्घकाळ वाढत राहतात. त्यांना कापणं लागतंच. पण हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन आणि आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतात तो स्पिट्झ यांचा कोट दुहेरी असतो: वर राठ केस, खाली मऊ लोकर. कुत्र्याच्या एका छिद्रातून केसांचा झुबका निघतो, एक जाड आणि त्याच्या भोवती अनेक बारीक. एप्रिल आला की ‘बिचाऱ्याला उकडतंय’ म्हणून लोक अशा कुत्र्याला भादरतात. कुत्रं अंगावर आपल्यासारखं घामाघूम होत नाही. ते धापा टाकून गार होतं, आणि घामाच्या कामाच्या ग्रंथी जवळपास पंजाच्या गाद्यांपुरत्याच. वरचा कोट उन्हापासून आडोसा करतो. तो काढला तर ऊन थेट कातडीवर, आणि काही वेळा केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत किंवा खपल्या-खपल्यांनी येतात. अशा घरी क्लिपर नको, खालची मेलेली लोकर ओढून काढणारा रेक घ्या. मराठवाडा-सोलापूरकडच्या कारवानीला तर तेही नको. त्याच्या अंगावरून ओला पंचा फिरवला की झालं.

पातं कशाचं असावं, या वादात मी पोलादाकडून उतरले होते. पोलाद केसापेक्षा कितीतरी कठीण, त्याला काय होणार? मग मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतला २०२० चा एक अभ्यास हाती आला. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वस्तऱ्याच्या पात्याने माणसाचे केस कापून पाहिले. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ. तरी पात्याची धार फक्त गोल होऊन बोथट होत नव्हती, तिचे टवके उडत होते! केस वाकून तिरका आला, आणि पोलादाची आतली घडण त्या जागी एकसारखी नसली, की एक केस धारेचा कपचा काढतो. बुवांच्या दाढीकडे मी तेव्हापासून जरा आदराने पाहते. त्यात त्यांच्या केसांत सोसायटीच्या बागेतली धूळ-रेती असते, म्हणजे पात्यासाठी पॉलिश पेपरच. धुतलेल्या, वाळलेल्या केसांवरच मशीन चालवायचा आग्रह कुत्र्यापेक्षा पात्यासाठी जास्त आहे.

सिरॅमिकचं पातं पोलादापेक्षा उशिरा तापतं, पण फरशीवर पडलं तर दात तुटतो. पोलादाचं तापतं. सेकंदाला शंभर वेळा धातूवर धातू घासल्यावर तापणारच, आणि तीन-पाच थरांच्या कातडीला तो चटका लगेच लागतो. दर काही मिनिटांनी पातं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायचं, बाळाच्या दुधाचे थेंब पाहतो तसं. आणि तेल. इथे सासूबाईंनी खोबरेल पुढे केलं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्याच्या डिसेंबरात ते दोन पात्यांमध्ये गोठून बसलं की मशीनच अडून बसेल. शिवणयंत्राला घालतो ते पातळ तेल दोन थेंब, दहा सेकंद मशीन चालू, मग फडक्याने नीट पुसायचं, कारण बुवा स्वतःचं अंग चाटतात.

शेवटी मी जे घेतलं ते दुकानातलं सगळ्यात महाग नव्हतं. पाठीशी छोटी कळ असलेलं, जिने एकाच पात्याची लांबी ९ नंबरपासून ४० पर्यंत बदलते. वेग राखणारी चिप. खालच्या पट्टीतला आवाज. आणि वेगळं विकत मिळणारं पातं. शेवटची अट मी अडून बसून घातली. पातं मिळत नसेल तर ते मशीन एका पावसाळ्याचं. मोठ्या कुत्र्याचं, दाट कोटाचं घर असेल तर ‘ए५’ पद्धतीचं पातं बसणारं मशीन बघावं. ती पाती निरनिराळ्या कंपन्यांची एकमेकांच्या मशीनला बसतात. बुवांच्या सहा किलोंसाठी ते म्हणजे मुंगीला मारायला तोफ.

आणल्यावर पंधरा दिवस मशीनने एकही केस कापला नाही. पहिले चार दिवस ते बंद अवस्थेत बुवांच्या ताटलीशेजारी पडून होतं. मग शेजारच्या खोलीत चालू केलं, इकडे हातात पनीरचा तुकडा. मग याच खोलीत. मग चालू मशीन माझ्या हातात आणि मशीनची नुसती पाठ बुवांच्या पाठीला. अकराव्या दिवशी ते त्या घूंऽऽ आवाजात दाढी माझ्या मांडीवर टेकून झोपले.

काल मागचा डावा पाय झाला. तीन राहिलेत.